अण्णांच्या कानातली बाई

"अण्णा, भाजी वाढू?" सुनेनं विचारलं.

"झाकण नीट लावा," अण्णा म्हणाले.

सुनेनं भांड्यावर झाकण ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा इंजिनिअर. ऑफिसात यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी तोच उद्योग घरी! प्रत्येक यंत्राची माहिती मोबाइलवर भरायची: हे काय आहे, याच्याकडे काय आहे, ते कुणी वापरायचं. मग ज्याच्याकडे जे नाही, ते त्यानं शेजारच्या यंत्राकडून मागून घ्यायचं. माणसांना न जमलेला शेजारधर्म बिचारा यंत्रांना शिकवत होता.

"कानात एक बाई बोलते रे," श्रवणयंत्र चाचपत अण्णा म्हणाले. "चांगली आहे. अहो-जाहो करते."

जेवण झालं, अण्णा गॅलरीत जाऊन बसले. इकडे फ्रिजपाशी कुजबूज सुरू झाली.

"वय झालं. भास होतायत त्यांना," तो म्हणाला.

"मोठ्या भाऊजींकडे पाठवायचं का थोडे दिवस? आपण दोघंही दिवसभर बाहेर."

"बघू. त्यांना इतक्यात काही बोलू नकोस."

एवढ्यात अण्णा पिशवी घेऊन दारात हजर. "निघतो मी. मोठ्याकडे जातो."

"असं अचानक? कोण काय म्हणालं?"

"तूच. भास होतायत म्हणालास ना?"

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं मोबाइल उघडला. बोलणाऱ्या वॉशिंग मशीनचा आवाज बसला होता, म्हणून ते जवळपास स्पीकर शोधत होतं. माइकवाला फ्रिजही समोरचं बोलणं घरभर पोचवायला स्पीकरच शोधत होता. आणि अण्णांच्या श्रवणयंत्रापुढे यानंच भरलं होतं: 'स्पीकर. वापर: सगळ्यांनी.' बापाच्या कानाचा त्यानं सार्वजनिक नळ करून ठेवला होता.

"अण्णा, चुकलो हो! लाज वाटते मला. ती पिशवी ठेवा आधी." "तुमचा कान आता फक्त तुमचा. हे एक बटण दाबतो, परत कुणी बोलणार नाही त्यात."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. "फ्रिजला काढ," ते म्हणाले. "त्या बाईला राहू दे."

"ती बाई नाही अण्णा, वॉशिंग मशीन आहे ते!"

"असू दे रे. दिवसभरात तेवढीच बोलते माझ्याशी."

मुलानं मोबाइलवर फक्त फ्रिजला काढलं. तेवढ्यात अण्णांनी कान टवकारले.

"लावतो हो, लावतो," म्हणत ते मशीनचं झाकण लावायला गेले.