शिरीषाच्या झाडावर मी

एकदा काम अंगावर घेतलं की मी ते तडीस नेतो. आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा. फक्त शिरीषाच्या झाडाचा विषय तेवढा काढू नका.

हे झाड आमच्या फाटकाशी आहे, सोसायटीपेक्षा वयाने मोठं. गेल्या महिन्यात त्याची एक वाळकी फांदी धाडकन खाली आली आणि सेक्रेटरींच्या स्कूटरचा दिवा घेऊन गेली. लगेच मीटिंग बसली.

"झाड म्हातारं झालंय, आतून पोकळ झालंय, पाडून टाका," मी म्हणालो.

तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई निवृत्त झाल्यापासून रोज त्या झाडाखाली खुर्ची टाकून वाचत बसतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हातारं झालं म्हणून पाडायचं असेल, तर सुरुवात माझ्यापासून करा."

आमचे अध्यक्ष ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला कलणारे गृहस्थ. त्यांनी जाहीर केलं, "झाड पोकळ आहे असं कुणी दाखवून दिलं, तर रविवारी पाडू. कटाईवाल्यांना सांगून ठेवतो."

"मी दाखवतो," मी छाती पुढे काढून म्हणालो. "फोटोसकट."

रविवारी सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडलो. इमारतीला रंग देण्याचं काम चालू होतं, रंगाऱ्याची शिडी भिंतीला टेकलेली होती. ती झाडाला लावली आणि सरसर वर चढलो. मोठ्या बेचक्यात एक ढोली होती, हात सहज जाईल एवढी. मी आनंदाने जवळजवळ ओरडलोच. फोन आत धरला, आणखी थोडा आत सरकवला, आणि तो सटकला. आतून 'टप्' असा आवाज आला.

खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत होतो, तेवढ्यात खाली खडखड झाली. कानात गाणी घातलेला रंगारी शिडी खांद्यावर टाकून मागच्या इमारतीकडे निघाला होता. मी हाका मारल्या. तो तालात मान हलवत निघून गेला.

मी फांदीला मिठी मारून बसलो. खाली बघितलं आणि चढताना झाड एवढं उंच कसं लागलं नाही याचं नवल वाटलं. तेवढ्यात फाटकातून कटाईवाल्यांचा टेम्पो आत शिरला. मुकादम उतरला, त्याने वर न बघताच मशीनच्या करवतीची दोरी ओढली. करवत गुरगुरली.

"थांबा!" मी जीव खाऊन ओरडलो. "कापू नका! मी वर आहे!"

करवत बंद झाली. गॅलऱ्यांचे दरवाजे पटापट उघडले. मास्तरीणबाई खुर्ची घेऊन येतच होत्या. त्यांनी चष्मा सावरून वर पाहिलं.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "झाडासाठी तुम्ही वर जाऊन बसलात?"

"अहो बाई, तसं नाही. शिडी आणा कुणीतरी."

"कुणीही शिडी आणायची नाही," बाईंनी शाळेत दरडावल्यासारखं सगळ्यांना बजावलं. "त्यांना खाली ओढून काढतील हे लोक." आणि त्यांनी बुंध्याला लावून खुर्ची मांडली.

पंधरा मिनिटांत खाली जत्रेसारखी गर्दी जमली. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी कपडे वाळत घालायच्या काठीला पिशवी अडकवून मला चहाचा थर्मास पोचवला. माझ्याशी एरवी न बोलणारी माणसं खालून हात हलवत होती. खरं सांगतो, भीती वाटत होती, पण चहा फार चांगला लागला.

अध्यक्ष धावत आले. "खाली या हो, बसून बोलू."

"मलाही खालीच यायचंय," मी म्हणालो.

अध्यक्ष गर्दीकडे वळले. "म्हणजे आपण ऐकलं तर ते येतील." आवाज कुठल्या बाजूला मोठा आहे हे त्यांना कळलं होतं. "ठीक आहे. झाड पाडायचं नाही. फक्त वाळक्या फांद्या छाटायच्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नेमकं त्याच क्षणी झाड वाजायला लागलं. गर्दी दचकून मागे सरली. बायको दुधाची वाट बघून फोन करत करत खाली आली होती. तिने फोन कानाशी धरून झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळा उलगडा झाला. मी नजरेनेच हात जोडले. ती पदरात तोंड लपवून हसली, पण बोलली नाही.

मुकादमाने स्वतःची शिडी लावली. आधी मला उतरवलं, मग लांब चिमट्याने फोन काढला. म्हणाला, "ढोली बेचक्यापुरतीच आहे. खाली सगळं लाकूड शाबूत आहे. वाळलेलं उतरवलं की भीती नाही." दुपारपर्यंत वाळक्या फांद्या उतरल्या आणि झाड हजामत करून आल्यासारखं तरतरीत दिसायला लागलं.

मास्तरीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे बघून पुन्हा मिटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. काल शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. त्यांच्याकडे निलगिरीचं एक जुनं झाड पाडायचं घाटतंय. तुमचे ते झाडावर बसणारे साहेब एक दिवस मिळतील का, असं विचारत होते. मी आतल्या खोलीत होतो. बायकोने परस्पर हो म्हणून टाकलं.

"निलगिरी फार उंच असते गं," मी म्हणालो.

"असू दे. या वेळी उशी देते बरोबर," ती म्हणाली.