खांदशेकणीचा तिसरा बैल

"इंजिन उचलाले चेनकप्पी कायले आणता मिस्त्री? शेजारच्या रामरावचे बैल हायेत ना!" एवढं एक वाक्य चंद्रभान फोनवर ऐटीत बोलून गेला आणि तिथंच माशी शिंकली.

त्याचं असं की, कपाशीनं लागोपाठ दगा दिला तेव्हा चंद्रभानच्या ट्रकनंच घर तारलं होतं. पण पुढं इंजिन बसलं आणि ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची (ट्रकचं उत्पन्न आता तेवढंच). शेवटी आशाबाईनं नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं, "पोळ्याच्या आत इंजिन दुरुस्तीले खाली उतरलं तं ठीक. नाई तं पोळा झाल्याबरोबर भंगारवाला बलावतो मी."

चंद्रभाननं लगेच चांदूर रेल्वेच्या अब्दुल सत्तार मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री आला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. सांगितल्याप्रमाणे चेनकप्पी घरी ठेवून, नुसत्या दोन साध्या कप्प्या आणि जाड दोर घेऊन. दुपारभर खपून त्यानं बोल्ट खोलले, ट्रकवर झुकलेल्या कडुनिंबाच्या फांदीला कप्प्या बांधल्या, इंजिनला दोर आवळला. "हं भाऊ, आता आणा बैल."

चंद्रभान शेजारी गेला, तर रामराव बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत बसलेला.

"आज खांदशेकणी हाय, चंदरभान! शेकल्या खांद्यावर दोर टाकू? पाप लागते ना बावा!"

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या चंद्रभाननं पोळा लक्षात ठेवला होता, त्याचा आदला दिवस तेवढा विसरला होता.

तो हात हलवत परतला. दारात आशाबाई उभीच होती. "मंग? लावू फोन भंगारवाल्याले?"

"कायले? बैल नाई तं नाई, मी हाय ना!"

बोलून गेल्यावर माघार कशी घेणार? त्यानं खांद्यावर पोत्याची घडी ठेवली आणि दोर घेतला. मागं गल्लीतले पाच-सहा जण लागले. इंजिन काही हलेना. मजा बघायला आलेल्या रामरावच्या हातात बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी, होतीच. "हाऽऽ रे! चाल राज्या!" म्हणत त्यानं तिचं टोक चंद्रभानच्या पाठीत टोचलं (हाताची सवय, दुसरं काय).

चंद्रभान असा उसळला की इंजिन वीतभर वर आलं!

"या अल्ला, निघालं!" मिस्त्री ओरडला. "रामरावभाऊ, अजून एक टोचा!"

रामरावनं शेजारधर्म पाळला. इंजिन ट्रकच्या नाकाच्याही वर गेलं. आशाबाईनं चार बाया गोळा करून ट्रक मागं ढकलला, कोंबडी कोकलत खिडकीतून बाहेर पडली आणि इंजिन अलगद जुन्या टायरांवर उतरलं. अख्ख्या गल्लीनं टाळ्या पिटल्या. आनंदानं चंद्रभानला चक्क रडू फुटलं.

संध्याकाळी त्याचा खांदा टम्म सुजला. आशाबाई लोणी-हळद घेऊन चोळायला बसली. "जिंकले बरं तुमी. नाई बलावत आता भंगारवाल्याले."

चंद्रभानची छाती फुगली. तेवढ्यात तिनं त्याच्या खांद्यावरून पळसाचं पान फिरवलं आणि बैलांना म्हणतात तेच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी रामरावची सजवलेली जोडी दारात आली. आशाबाईनं पुरणपोळीचं ताट आधी बैलांपुढं धरलं.

"अवो, इंजिन म्या ओढलं अन् पयला घास या बैलायले?"

"मंग? खांदशेकणी कवा असते, थे यायले समजते."