पुनर्विचारार्थ परत

सावळीराम मास्तर नागरिकशास्त्र शिकवत, आणि आपलं घरही घटनेबरहुकूम चालतं असं अख्ख्या नाशकाला सांगत. घरात पंचांग नव्हतं, घटना होती! लग्न झालं त्याच दिवशी त्यांनी लताबाईंना राष्ट्रपती केलं आणि स्वतः पंतप्रधान झाले. आई धोंडाबाई म्हणजे उरलेलं मंत्रिमंडळ. बायकोला पदाचा मान मिळाला, आता सहीची वेळ कशाला येतेय, असा मास्तरांचा समज होता.

एकोणऐंशीची दिवाळी झाली आणि लताबाईंना पेठच्या शाळेत नेमणूक आली. राहायचं तिकडेच, घरी यायचं ते रविवारी. मास्तरांना ते नको होतं. पण तसं बोलायला जीभ रेटेना, म्हणून ते खुर्चीवरून उठून म्हणाले, "कलम तीनशे बावन्न. घरात आणीबाणी. कोणीही घर सोडायचं नाही."

लताबाई ट्रंक भरत होत्या. "कारण?"

"अंतर्गत अशांतता."

"अहो, ते जूनमध्येच रद्द झालं. आता युद्ध, परकी आक्रमण, नाहीतर सशस्त्र उठाव लागतो. तुम्हीच नववीला शिकवलंत ना?"

धोंडाबाई उलथनं घेऊन चुलीपासून उठून आल्या. "सावळ्या, जाऊ दे तिला. लय कष्टानं शिकलीय."

"हा बघा सशस्त्र उठाव," मास्तर खुशीत म्हणाले.

धोंडाबाईंनी उलथनं पदराआड घेतलं.

"बरं, मंत्रिमंडळाची लेखी शिफारस कुठाय?" लताबाईंनी हात पुढे केला.

मास्तर लिहायला बसले. मोठमोठी कारणं लिहिली आणि खोडली. शेवटी एकच ओळ उरली, 'तू गेलीस तर मला करमणार नाही.' धोंडाबाईंनी ती मास्तरांकडून वाचून घेतली, डोळे पुसले आणि अंगठा दिला. मंत्रिमंडळ असं ऐनवेळी फिरलं.

लताबाईंनी ओळ दोनदा वाचली. खाली लिहिलं, 'पुनर्विचारार्थ परत.'

आता तोच कागद तसाच पुन्हा पाठवला की राष्ट्रपतींना सही करावीच लागते. हे मास्तरांना ठाऊक होतं आणि लताबाईंनाही. घर सांभाळून लताबाईंनी चार वर्षं अभ्यास केला होता. हातात पेन धरून त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचा उतरलेला चेहरा मास्तरांना बघवेना.

मास्तरांनी कागद उलटून मागे काहीतरी लिहिलं आणि पुढे सरकवला.

'पेठला थंडी फार. माझा स्वेटर ट्रंकेत टाक.'

राष्ट्रपतींनी तत्काळ सही केली. घरात स्वेटर तेवढा एकच होता, हे मास्तरांना दुसऱ्या दिवशी सकाळी कुडकुडत शाळेला निघताना आठवलं.