भोपळ्यावरचा पहिला वार

एकतारी करायला लागतंच काय? एक वाळका भोपळा, एक दांडा, एक तार आणि थोडी अक्कल. त्यातली शेवटची वस्तू माझ्याकडे भरपूर आहे, असं मी आमच्या घरात जाहीर करून टाकलं होतं!

तुम्ही म्हणाल, बाईला सुतारकाम येतं का? येतं. आमच्या एका पाटाचा निघालेला पाय मीच खिळा मारून बसवला होता. पहिल्याच पंगतीला त्यावर दत्तोबाभाऊजी बसले आणि उठताना त्यांचं अर्धं धोतर पाटावर राहिलं. पण पाय काही निघाला नाही, हे लक्षात घ्या.

हा सगळा खटाटोप माझ्या महिपतीसाठी. पोर आता चालायला लागलंय, पण झोप कशी ती नाही. बाळंतपणाला मी माहेरी बेडशाला गेले, ती तो रांगायला लागेपर्यंत तिथंच राहिले. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दिवेलागणीला ओसरीवर एकतारी घेऊन बसायचे. त्यांनी तार छेडली की महिपतीची आवळलेली मूठ हळूच सैल व्हायची, आणि डोळे असे मिटायचे की जणू कुणी आतून कडी घातली. लोणावळ्यातलं आमचं घर मात्र रुळांच्या अगदी कडेला. घाट चढून मालगाडी आली की फळीवरची पितळी भांडी थडथडायला लागतात आणि माझं लेकरू दचकून उठतं. मग माझ्या कानाची पाळी चोळत, लाल डोळ्यांनी आढ्याकडे बघत बसतं. त्या वेळी वाटायचं, आपल्यालाच कुणी तार करून दांड्यावर ताणावं आणि ह्याच्या उशाशी ठेवावं.

ह्यांना मी बेत सांगितला. हे मालधक्क्यावर कामाला. म्हणाले, मी मदत करतो. मी म्हटलं, तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही. हे हसले. म्हणाले, "बरं. पाटासारखीच कर, म्हणजे वाजवणारा मधेच उठून जायचा नाही."

झालं! आता जीव गेला तरी ह्यांची मदत मागणं नाही.

सासूबाईंना मात्र यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांचा धाकटा भाऊ कधीकाळी एकतारी शिकला, आणि एके दिवशी शेतावर जाऊन येतो म्हणून जो गेला तो अजून शेतावर पोचलेला नाही. तेव्हापासून एकतारी घेतली की माणूस घर सोडतं, अशी आत्याबाईंची खात्री. म्हणून आबांनी दिलेला भोपळा मी चुलीवरच्या आढ्याला टांगला आणि बियाण्याचा आहे म्हणून सांगितलं.

बाकीचं सामान हळूहळू जमलं. दांडा मोडक्या बाजेचा. वरच्या झाकणाला चहाच्या खोक्याची पातळ फळी. करवत आणि गिरमिट शेजारच्या हसिनाभाभींकडून, कारण त्यांचे निजामभाई तुंगार्लीच्या बंगल्यांत दारंखिडक्या दुरुस्त करतात. तारही त्यांनीच दिली. एका बंगल्यातल्या मोडक्या पियानोची ती तार निजामभाईंनी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी आणली होती. हसिनाभाभी म्हणाल्या, "जाड आहे गं. खुराडं बांधताना ह्यांचा अंगठा सोलला हिनं." मी म्हटलं, जाड तेवढी टिकाऊ.

राहता राहिला भोपळा कापायचा. आणि तिथंच माझं घोडं अडलं.

आमच्याकडे बाईनं अख्खा भोपळा चिरायचा नसतो. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक. पहिला वार पुरुषानं करायचा. मग बाईनं त्याच्या फोडी केल्या, वाफवला, वर खोबरं पेरलं तरी कुणाची हरकत नाही. पण पहिला वार आईनं करायचा नाही. वाळक्या भोपळ्याला कदाचित सूट असेल, म्हणून तांदूळ निवडताना मी आत्याबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं.

आत्याबाईंनी सुपातून मान वर केली. "म्हातारा झाला म्हनून ल्योक ल्योक ऱ्हात न्हाई व्हय?"

आणि त्यांनी वर टांगलेल्या भोपळ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की त्या दिवसापासून मला त्या भोपळ्याला कपाळ दिसायला लागलं.

मग एके दिवशी आत्याबाई कार्ल्याला लेकीकडे, नंदाबाईंकडे, मुक्कामाला निघाल्या. हे कामावर गेले. भोपळा खाली उतरवून मी मांडीवर घेतला. वार करायला पुरुष आणू कुठून? ह्यांना सांगायची सोय मीच बंद केली होती. निजामभाई तुंगार्लीला. एवढ्यात माझं लक्ष समोर गेलं. अहो, घरात एक पुरुष होता की! दात मोजके होते, अंगात चड्डी नव्हती, पण पुरुष होता.

मी भोपळा खाली ठेवून महिपतीला मांडीवर घेतलं, त्याची इवलीशी मूठ करवतीच्या मुठीवर ठेवली आणि वरून माझा हात. खर्र! भोपळ्यावर पांढरी रेघ उमटली. महिपती खिदळला. मी त्याचा मुका घेतला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पुढचं कापायला घेतलं.

अर्धा भोपळा कापून झाला आणि माझा हात थांबला.

भोपळा म्हणजे थोरला लेक. मग महिपती माझा कोण? मी थोरल्या लेकाच्या हातून थोरल्या लेकावर करवत चालवली होती! आईनं वार करू नये एवढंच सांगितलेलं. असं काही कुणी करील, हे तर सांगणाऱ्यांच्याही डोक्यात आलं नसणार. याला काय शिक्षा असेल, हेही कुणाला ठाऊक नसणार. अर्धा कापलेला भोपळा परत जोडता येतो का, हेही मी बघितलं. येत नाही.

घाबरलेल्या माणसाचे हात फार भराभर चालतात. टोपीसारखा वरचा भाग सुटला. आतला वाळका गर मी खरवडून काढला, त्याचा पांढुरका भुगा सगळीकडे उडाला. दांड्याला भोक पाडताना गिरमिट अंगठ्यात गेलं आणि जमिनीवर रक्ताचे थेंब पडले. हे कशाचं लक्षण, असा विचार करायचा नाही असं ठरवून मी तोच विचार करत राहिले. फळी ठोकली, खुंटी बसवली, तार ताणली. पियानोच्या तारेला बाजेचा दांडा काय दाद देणार? तो धनुष्यासारखा वाकला. तरी मी तार छेडली. आबांच्या एकतारीसारखा आवाज आला नाही. रेडकू हरवलेली म्हैस लांबून हंबरावी, तसा आला.

"ऐकलंस का रे राजा?" म्हणून मी वळले, तर महिपती दाराआड बसलेला. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, ओठांना भुगा. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो भडाभडा ओकला. मी उचलून घेतलं, तोंड धुतलं, पाठ चोळली. आणखी एकदा ओकला, आणि माझ्या खांद्यावर मान टाकून एकदम गप्प झाला. कानाची पाळीसुद्धा चोळेना.

गोधडीवर निजवला तर निजला. मालगाडी गेली, भांडी थडथडली, पण पापणी हलली नाही. ज्या झोपेसाठी मी एवढा उद्योग केला ती झोप आली होती, आणि आता ती मोडावी असं मला वाटत होतं. त्याच्या नाकाशी बोट धरायची, श्वास लागला की देवाला हात जोडायची, आणि हात जोडताना बोट काढलं म्हणून पुन्हा घाबरायची.

एवढ्यात बाहेर सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ आत्याबाईंचा खोकला ऐकू आला. नंदाबाईच गावाला गेल्या होत्या, म्हणून ह्या आल्या पावली परत! मी एकतारी उचलली आणि कोपऱ्यातल्या तांदळाच्या कणगीत खुपसली. बाकीचं आवरायला वेळच मिळाला नाही.

आत्याबाई दारातच थबकल्या. त्यांना काय दिसलं ते तुम्हीच बघा. निपचित पडलेला नातू. त्याच्या केसांत पांढरं भस्म. उशाशी कवटीसारखं अर्धं टरफल. त्यातून सांडलेल्या बिया. उरलेल्या तारेचं वेटोळं. आणि जमिनीवर रक्त.

"करनी केली," आत्याबाई पुटपुटल्या आणि मटकन खाली बसल्या. "माज्या नातवावर करनी केली कुनीतरी."

त्यातली एकूण एक वस्तू माझी. तरी ती तशी ओळीनं पाहिली, आणि त्यांच्याहून जास्त मीच हादरले. मी सांगायच्या आत आत्याबाईंनी पलीकडच्या विठाबाईंना हाक मारलीसुद्धा.

विठाबाई म्हणजे आमच्या चाळीतल्या दृष्ट काढणाऱ्या. भलं दांडगं कुंकू, आणि आवाज त्याहून दांडगा. त्यांनी पदर खोचला, टरफलाभोवती एक फेरी मारली, रक्ताकडे बघून मान हलवली. मग चिमूटभर भस्म उचललं. म्हणाल्या, "कुठल्या मसनातलं हाय त्ये आत्ता सांगते." आणि जिभेवर टाकलं.

विठाबाईंचं तोंड हळूहळू आकसत गेलं. त्या दाराबाहेर धावल्या, थुंकल्या, पुन्हा थुंकल्या, पदरानं जीभ पुसत परत आल्या.

"भोपळा हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "कडू जहर भोपळा. पोरानं ह्येच चाटलंय. वकला न्हवं? मंग निगालं सारं. दमून झोपलाय त्यो. उटला की गूळपानी द्या."

मी महिपतीजवळ बसले आणि त्याचे पाय हातात धरले. गरम होते, मऊ होते, माझे होते.

"पर ह्यो भोपळा चिरला कुनी?" विठाबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. आढ्याला नुसती रिकामी दोरी लोंबत होती. आता सांगावंच, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात घाटातून मालगाडी वर आली. भांडी थडथडली. आणि कोपऱ्यातल्या कणगीतून आवाज आला.

गूंऽऽऽ.

विठाबाई सगळ्यांत शेवटी आल्या होत्या, सगळ्यांत आधी गेल्या. त्यांची एक चप्पल अजून आमच्याकडे आहे. आवाज चढत गेला. आत्याबाईंनी मला मिठी मारली. कणगीत काय आहे हे ठाऊक असलेली जगात मी एकटी, पण मीही त्यांना घट्ट मिठी मारली! एवढ्यात खुंटी सटकली.

ढंग!

सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत गोधडीवरून एक झोपाळू आवाज आला.

"आबा?"

महिपती उठून बसला होता. केस पांढरे, डोळे टवटवीत. कणगीकडे बोट करून तो पुन्हा म्हणाला, "आबा!" आणि टाळ्या पिटायला लागला. त्या म्हशीच्या हंबरण्यात माझ्या लेकराला आबांची तार ऐकू आली होती. मी हसले की रडले ते मला सांगता यायचं नाही. कणगीतून एकतारी ओढून काढली, तांदूळ सांडत होते, आणि तशीच ती मांडीवर घेऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "पयला वार कुनी केला?"

"महिपतीनं."

"बाप्या मानसानंच केला न्हवं? मंग झालं."

"पण आत्याबाई, थोरल्या लेकानं थोरल्या लेकावर..."

"आगं, तुजा नवरा सोताची दाढी सोताच करतोय न्हवं? काय झालं का त्याला?"

यावर तुम्हाला काही सुचतंय का बघा.

खुंटी पुन्हा बसवून एकतारी वाजवायची परवानगी मिळाली, पण उंबऱ्याच्या आत. ती कुणाला घेऊन निघून जाऊ नये म्हणून आत्याबाईंनी स्वतः दाव्यानं खांबाला बांधली. हे घरी आले, वाकलेला दांडा आणि दावं बघितलं आणि हात धुवायला मोरीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मोरीतून कसला आवाज येत होता, ते मी विचारलं नाही.

आता रोज दुपारी मी खांबाशी बसते. डाव्या अंगठ्यानं तार छेडते आणि उजव्या हातानं असं काहीबाही लिहिते. तार थांबली की झोप मोडते, म्हणून मधेच उठायची सोय नाही. तेवढं ह्यांचं म्हणणं खरं ठरलं. पहिल्या दोन सुरांतच मान कलते, मूठ सैल होते, आणि बघता बघता घोरणं सुरू होतं.

आत्याबाईंचं.

महिपती भोपळ्याची टोपी डोक्यावर घालून समोर बसला आहे, टक्क जागा.