कार्ब फार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्विनीनं पुढ्यात ठेवलेली उकडलेल्या अंड्यांची बशी कारभारीनानांनी एका बोटानं दूर सारली आणि हात मांडीवर ठेवले.

"काय झालं, नाना?"

"बास झालं आता. मी काय मुंगूस हाय का, रोज उठून अंडी खायला?"

"अहो, नवरात्रात नऊ दिवस सुट्टी दिली होती की तुम्हाला!"

"त्याच नऊ दिवसांत कळलं ना मला, अंड्याबिगर मानूस मरत नाय म्हणून."

तेजस्विनीला सासऱ्यांची दया आली. आषाढात नानांची साखर वाढलेली निघाली, तेव्हा महेशनं आईवडिलांना दिंडोरीकडच्या गावाहून आपल्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं होतं. तेव्हापासून पोहे, उपमा, भाकरी सगळं बंद करून सून त्यांना सकाळी अंडी देत होती. उकडून झाली, आम्लेट झालं, बुर्जी झाली, ढोबळी मिरचीच्या चकतीत अंडं फोडूनही झालं. अंड्यानं कितीही सोंगं घेतली तरी घास तोंडात गेला की नाना ओळखायचे.

एवढं एक दुःख सोडलं तर नानांची सकाळ मोठ्या थाटाची असे. बशीशेजारी मोबाइल ठेवलेला, स्पीकर चालू. तिकडे पुतण्या देवराम द्राक्षबागेत उभा राहून विचारणार, "नाना, पाणी किती येळ सोडू? औषध कोणतं मारू?" आणि इकडे नाना अंडं सोलता सोलता हुकूम सोडणार. नावाप्रमाणे ते खरोखरच कारभारी होते. छाटणी कधी धरायची हे त्यांनी सांगितल्याशिवाय शेजारपाजारचा एकही बागाईतदार कात्री हातात घेत नसे. यंदा तर परतीचा पाऊस जायचं नाव घेईना. छाटणीनंतर पावसानं गाठलं तर कोवळी फूट जाते आणि फार थांबलं तर माल मागे पडतो, त्यामुळे सगळ्या शिवाराचे कान नानांच्या फोनकडे लागले होते. महेश अंबडच्या कारखान्यात एक अख्खं खातं सांभाळायचा, पण बागेविषयी त्यानं तोंड उघडलं की नाना म्हणत, "तू च्या पी."

नानांचा अंड्यांवरचा बहिष्कार दुपारनंतरही टिकला, तेव्हा तेजस्विनी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई चांगल्या होत्या, पण तोंडावर मास्क, डोक्यावर खडखडणारा पंखा आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न. त्यात नानांचा डावा कान लग्नकार्यातल्या बँडपुरताच उरलेला. तेजस्विनीनं अंड्यांची अडचण सांगितली. बाई तिला हळू आवाजात म्हणाल्या, "अंडंच खायला पाहिजे असं काही नाही. मूग, पनीर, दाणे, भाज्या, काहीही द्या." मग त्या नानांकडे वळल्या आणि आवाज चढवून म्हणाल्या,

"बाबा, तुमचा कार्ब फार! तो कमी करायचा!"

हे वाक्य मास्कमधून, पंख्याखालून आणि हॉर्नमधून वाट काढत नानांच्या कानात शिरलं ते असं: "बाबा, तुमचा कारभार, तो कमी करायचा!"

नाना खुर्चीत ताठ झाले. "किती कमी?"

"निम्म्यावर आणा. आणि सकाळचा तर बंदच."

"सगळा सकाळचाच तर असतो, बाई."

"म्हणूनच तर! या वयात एवढा झेपत नाही शरीराला."

"मंग बघायचं कुणी सगळं?"

"तुमच्या सूनबाई आहेत की. त्यांना मी नीट समजावून सांगितलंय. त्या म्हणतील तसंच करायचं. आणि चोरून काही नाही हं, बाबा! चोरून केलंत तर रक्ताच्या रिपोर्टमध्ये लगेच दिसतं."

कारभार रक्तात दिसतो हे नानांना नवीनच होतं. पण मिसरूड फुटल्यापासून केलेली गोष्ट रक्तात उतरणारच, हे त्यांना पटलंही. ते उठले आणि सुनेच्या पुढे तरातरा चालत घराच्या वाटेला लागले. "अंड्यांतून सुटलात ना? मग आता खूश?" असं तिनं हसून विचारलं, तेव्हा तर त्यांना ते जखमेवर मीठ वाटलं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला बाल्कनीत बोलावून घेतलं.

"डॉक्टरनं माझा कारभार काढला. तुझ्या सुनेला दिला."

"आता गं बया! डॉक्टरला काय करायचंय तुमच्या कारभाराशी?" चतुराबाई म्हणाल्या.

"रक्तात दिसतो म्हणं."

चतुराबाईंनी जरा विचार केला. "दिसत असंल," त्या म्हणाल्या. "केलाय बी तेवढा."

"हिनंच डॉक्टरच्या कानाला लागून केलंय हे. दोघी आधी हळू बोलत व्हत्या. कानामागून आली आन् तिखट झाली!"

"मंग इचारा की तिला."

"मी? मी इचारू?" नाना म्हणाले. मागून घेण्यातला गडी तो नव्हता. कारभार गेला तर गेला, पण त्याबद्दल कुणापुढे तोंड वेंगाडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. रात्री मात्र त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत मुगाचं धिरडं होतं, आत किसलेलं पनीर. नानांनी ते निमूटपणे खायला घेतलं. फोन वाजला. देवराम नेहमीप्रमाणे छाटणीचं विचारू लागला.

"मला नको इचारू," नाना म्हणाले. "तुझ्या वहिनीला इचार. आता तिच्याकडं हाय सगळं." आणि त्यांनी मोबाइल सुनेच्या हातात दिला.

तेजस्विनी उलथनं घेऊन उभीच राहिली. तिला खरं म्हणजे भरून आलं. ती नाशिकात वाढलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बागेत गेली की सगळे तिला सावलीत खुर्चीवर बसवून ऊन लागत नाही ना विचारायचे. कामाचं कुणी काही विचारत नसे. आणि आज नानांनी, ज्यांनी पोटच्या पोराला कधी विचारलं नाही त्यांनी, आपणहून फोन हातात ठेवला होता! का दिला असं विचारून त्यांना अवघडून टाकणं तिला बरं वाटलं नाही. ती फक्त म्हणाली, "नाना, मी मनापासून करीन."

"करशील, करशील," नाना धिरड्याकडे बघत म्हणाले.

महेशचा मात्र चहा गार झाला. "हिला?" तो आईच्या कानात कुजबुजला. "मला आजवर पाण्याची मोटर चालू करायचं विचारलं नाही!"

मग तेजस्विनीनं दोन्ही कारभार एकदमच हाती घेतले. सकाळी एका हातात झारा, दुसऱ्या हातात फोन. एके दिवशी दुधीची धिरडी, एके दिवशी मोडाची मटकी, एके दिवशी पालकात पनीर. मग टोफू आणला. तो तोंडात घालून नानांनी चतुराबाईंना विचारलं, "साबण हाय का ह्यो?" शनिवारी तर उपमा दिसला म्हणून त्यांचा जीव हरखला, पण तो फुलकोबी किसून केलेला निघाला. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण ज्याचा कारभारच गेला त्यानं उपम्यासाठी कशाला भांडायचं, म्हणून त्यांनी तोही खाल्ला. सासरे तक्रार करत नाहीत, म्हणजे त्यांना पदार्थ आवडताहेत, असं सुनेला वाटलं.

खाता खाता नाना एका चांगल्या कानानं फोन ऐकत. सून कुठे चुकते याचीच ते वाट बघत होते. आणि ती चुकेना; आषाढापासून रोज त्यांचेच हुकूम तिच्या कानावर पडत होते. "भाऊजी, घाई नको," ती देवरामला सांगायची. "पाऊस अजून आहे. सकाळी उशिरापर्यंत पानं ओली राहतायत ना? मग नाहीच. चांगली उघडीप पडू दे, मी कळवते." नानांनी अगदी हेच सांगितलं असतं. त्यामुळे तर ते जास्तच खट्टू झाले.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं. कारभारीनानांनी कारभार सोडला, ही बातमी देवरामच्या तोंडून पारावर गेली. धडधाकट माणूस कारभार सोडत नाही, हे गावाला पक्कं माहीत होतं. म्हणजे तब्येतीचं काही तरी मोठं असणार आणि घरचे लपवत असणार. दोन दिवसांत पारावर नाना अंथरुणाला खिळले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी अन्न सोडलं. रविवारी सकाळी दाराची बेल वाजली, तेव्हा बाहेर नानांची थोरली बहीण अक्काबाई पदर तोंडाला लावून उभी होती. मागे शेजारचा बागाईतदार दिनेश आणि आणखी दोघे. अक्काबाईच्या हातात मोठा डबा होता. डब्यात भुसा, आणि भुशात गावरान अंडी.

"अशक्तपणाला यासारखं औषध नाय," डबा तेजस्विनीपुढे टीपॉयवर ठेवत ती म्हणाली.

नाना फुलकोबीच्या पोह्यांची बशी घेऊन सोफ्यावर बसले होते. अक्काबाईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "कारभारी, मला खरं सांग. कुठं दुखतंय?"

"कुठं नाय दुखत, अक्का."

"मंग कारभार का सोडला? आपल्या थोरल्या भावानं सोडला व्हता, आठवतं का? आठवडा नाय काढला त्यानं."

दिनेश सतरंजीवर पुढे सरकला. "नाना, जपा तब्येतीला. बाकी सगळं द्येवाच्या हाती," तो हळू आवाजात म्हणाला. "फक्त छाटणीचं तेवढं काय ते सांगून ठेवा."

त्या 'सांगून ठेवा'नं नानांचा बांध फुटला. बशी टीपॉयवर आपटून ते ओरडले, "आरं, मी मरत नाय! डॉक्टरनं माझा कारभार बंद केलाय! हिच्या देखत! 'तुमचा कारभार, तो कमी करायचा' म्हणली. सकाळचा तर बंदच. चोरून केला तर रक्तात दिसतो म्हणली. आन् सगळा उचलून हिला दिला!"

पाहुण्यांसाठी खरेखुरे पोहे घेऊन येणारी तेजस्विनी ट्रेसकट दारातच थांबली.

"नाना," ती म्हणाली, "कार्ब फार."

"त्येच म्हणतोय मी. कारभार."

"कारभार नाही हो! कार्ब. फार. कार्ब म्हणजे पोहे, भात, भाकरी, साखर. ते तुमच्या खाण्यात फार होतं, ते कमी करायचं, असं म्हणाल्या त्या."

महेशनं घाईघाईनं खिडकीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. चतुराबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हंजी कारभार रक्तात दिसत नाय?"

"म्हंजी," नाना सावकाश म्हणाले, "माझा कारभार कुणी काढलाच नव्हता?"

"कुणाची छाती आहे, नाना?" खिडकीकडून महेश म्हणाला.

नाना सोफ्यावर सरसावून बसले. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो पहिल्यासारखाच स्पीकरवर टाकला आणि पहिल्यासारख्याच आवाजात म्हणाले, "हां, बोल देवराम!"

"नाना? तुमी?" पलीकडून देवराम म्हणाला. "बरं वाटतंय ना? आराम करा तुमी. जरा वहिनीला द्या ना. आज उघडीप हाय, त्या बघून सांगते म्हणल्या व्हत्या."

नानांनी सुनेकडे पाहिलं. तिनं ट्रे खाली ठेवला होता आणि ती उगाचच बशा सारख्या करत होती.

"मला वाटलं, तुम्ही आपणहून दिला," ती म्हणाली. "असू दे. तुमचाच आहे, नाना. तुम्ही सांगा त्यांना."

नानांना राग आला होता तो कारभार हिसकावून घेतल्याचा. आता तर कळलं की कुणी हिसकावलाच नव्हता, आणि ही पोर मात्र तो मिळाल्याच्या आनंदात रोज पहाटे उठून पावसाचा अंदाज बघत होती. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. "देवराम, देतो वहिनीला. ती म्हणंल त्याच दिवशी छाटणी धरायची. दिनेश, तुमी बी."

"म्हंजी डॉक्टरनं नाय, तूच दिला?" अक्काबाईनं विचारलं.

"मंग! डॉक्टर काय काढणार कारभार? मी दिलाय. सगळ्यांच्या देखत सांगतो, या घरात आता ती म्हणंल तसं."

तेजस्विनीनं डोळे पुसले आणि फोन हातात घेतला. दिनेशनं मान डोलावली आणि पोह्यांची बशी उचलली. पोह्यांवर शेव होती, ओलं खोबरं होतं, लिंबाची फोड होती. नानांनी तो वास छातीभर ओढून घेतला. इतकं मोठं दान केल्यावर माणसाला जरा मागायचा हक्क असतो, असं त्यांना मनापासून वाटलं.

"कारभार तू घेतला ना?" ते हसत म्हणाले. "मंग आता मला त्ये कार्ब दे बशीभर."

सगळे खो खो हसले. तेजस्विनीही हसली. मग फोनवर हात ठेवून म्हणाली,

"नाही, नाना."

"नाय म्हंजी?"

"सकाळचा बंद. मी म्हणेन तसं ना?"

नानांनी बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. दोघेही पोहे खाण्यात दंग होते. अक्काबाईला मात्र भावाचं तोंड पाहवेना. ती लगबगीनं उठली आणि डब्यातल्या भुशात हात घालत म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे पोहे. थांब, मी तुला दोन अंडी उकडून आणते."

नानांनी झटकन फुलकोबीची बशी पुढं ओढली आणि भराभर खायला सुरुवात केली.