मानाची शुगर

चिखलीच्या धान्य बाजारात माझ्यासारखा अडत्या दुसरा नाही. हे मी स्वतःच सांगून टाकतो, उगीच लोकांना तसदी कशाला! मी सोयाबीनचा लिलाव पुकारला की रस्त्यावरच्या एसटीतले प्रवासी खिडकीतून भाव विचारतात. असा मी, भगवंतराव, गेल्या वर्षी लिलाव पुकारता पुकारता पोत्यावरच झोपी गेलो! पाठोपाठ आवाज बसला, पोट सुटलं आणि भर मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर वितळत असताना, मी दुकानात स्वेटर घालून बसू लागलो.

सत्यभामाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला धरून डॉक्टर समतांकडे नेलं. रक्त तपासून झालं.

"काका, तुमचा थायरॉईड मंदावलाय," डॉक्टर म्हणाल्या.

"मले?" मी खुर्चीतून उडालोच. "अवो, तो त बायकायचा आजार!"

"पुरुषांनाही होतो. आणि ऐका, शुगर आज ठीक आहे. पण थायरॉईड मंद असला की पुढे शुगर होण्याचा धोका वाढतो. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्या, गोड कमी करा, रोज चाला. शुगरही अधूनमधून तपासत राहा."

मी बाहेर आलो तो घामाघूम. बाजारात कळलं तर? शुगर कशी, मानाचा आजार! आमच्याकडच्या प्रत्येक वजनदार माणसाला ती आहे. टपरीवर "माझा बिनसाखरेचा!" म्हणताना काय रुबाब असतो एकेकाचा! आणि थायरॉईड? तो मावशीला, मामीला, वहिनीला!

मग सुचलं. धोका तर आहेच ना? जी उद्या यायची, ती आज जाहीर केली तर त्यात खोटं कुठे?

"मले शुगर निघाली!" दुसऱ्या दिवशी मी बाजारात छाती काढून सांगितलं.

तुरीचे व्यापारी अर्जुनराव जुने शुगरवाले. त्यांनी मला मिठीच मारली. "आता तुमी आमच्यातले!"

तिथून माझे हाल सुरू झाले. पहाटे अर्जुनराव फाटकाशी हजर. "चला, फिराले!" फिरून आलो की त्यांच्या घरून कारल्याचा रस. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदीची बादली घेऊन माझ्यापर्यंत पोचला, की चार पानं पलीकडून अर्जुनराव ओरडणार, "त्यायले नको बे! शुगर हाय!" बादली पुढे जायची आणि मी तिच्याकडे बघत राहायचो, जसं पाहुणे गेल्यावर लेकरू रस्त्याकडे बघतं. घरी शिरा मागावा तर सत्यभामाबाई पदरात हसायच्या. "तुमाले शुगर हाय ना?"

पण माणूस मोठा झाला की सोसावं लागतं. माझी निष्ठा पाहून गावातल्या शुगरवाल्यांनी मंडळ काढलं आणि मला अध्यक्ष केलं! फ्लेक्सवर मधोमध माझा फोटो होता.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला. पाहुण्या डॉक्टर समता! मला जरा धडधडलं, पण त्या शांत बसल्या होत्या. तेवढ्यात अर्जुनरावांनी माईक हातात घेतला. "पह्यली तपासनी अध्यक्षायची! पाहा, केवढी निंगते!"

नाही म्हणायच्या आत माझ्या बोटात सुई गेली. मशीन वाजलं.

"चौऱ्याण्णव!"

"मशीन बिघडली!" अर्जुनराव म्हणाले. दुसरं मशीन आणलं. तेही तेच सांगू लागलं.

"भगवंतराव, खरं सांगा," अर्जुनरावांनी माझा खांदा धरला. "तुमाले शुगर हाय का नाई?"

मागून कोणीतरी ओरडलं, "अध्यक्ष बोगस हाय बे!"

तशी सत्यभामाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "बोगस काऊन म्हनता? त्यायले थायरॉईड हाय!"

संपलं! गावातली माझी अब्रू एका वाक्यात गेली. धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं. पण मी काही लेचापेचा नाही. माईक ओढून घेतला. "हाव! हाय मले थायरॉईड! काय म्हननं हाय?"

डॉक्टर समतांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, सांगू?" मी मान हलवली.

"थायरॉईड मंद असलेल्यांना शुगरचा धोका जास्त असतो," त्या म्हणाल्या. "काकांनी गोळी चुकवली नाही, रोज चालले, गोड सोडलं, वजन उतरवलं. धोका असूनही त्यांची शुगर ठीक आहे. असं करायला हिंमत लागते!"

टाळ्या! अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणी. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण गेलं. कारलं अर्जुनरावांचं आणि नाव माझं! हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

"पन अध्यक्षाले शुगर पाह्यजे," अर्जुनराव जड आवाजात म्हणाले, "मंडळ शुगरचं हाय." आणि माझ्या गळ्यातला हार त्यांनी काढून घेतला.

तेव्हा बायकांच्या बाजूनं शेजारच्या जनकाबाई उठल्या. "भाऊजी, आमचं बी थायरॉईडवाल्यायचं मंडळ हाय. या तुमी!"

"येतो. पन अध्यक्ष कोन?" मी तिथल्या तिथे विचारलं.

"पह्यले सतरंज्या उचला," जनकाबाई म्हणाल्या, "मंग पाहू."

सध्या मी सतरंज्या फार सुरेख घालतो, असं सगळ्या जणींचं म्हणणं आहे.