विहिरीतला दुसरा

हनीफ मिस्त्री विहिरीत वाकून इंग्रजी बोलतात. वडवणीत त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मोटार बसवताना विहिरीत ओरडावं लागतंच. पण काम संपलं की ते शर्टाच्या आतून 'घरबसल्या इंग्रजी' छापाचं एक पुस्तक काढतात आणि आत ओरडतात, "हाऊ आर यू टुडे?" विहीर तेच परत म्हणते. मग मिस्त्री सरळ उभे राहून हळू आवाजात उत्तर देतात, "आय ॲम फाइन, थँक यू."

तालुक्यातल्या विहिरींचा त्यांनी उच्चारावरून क्रम लावला आहे. पाणी भरलं की विहीर बोबडी होते, बोअर तर जन्माचं मुकं. आमच्या शेतातली कोरडी विहीर पहिल्या नंबरची; तिथं ते मोटारीचं काम नसतानाही येत. "तुमच्या हिरीचं ग्रामर लई पक्कं हाय," असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

खुरपायला येणाऱ्या सरूबाईंनी मात्र एका भर दुपारी काम टाकून घर गाठलं. विहीर बोलते, ही त्यांची तक्रार नव्हती. "इंग्रजीत बोलती. काय मागती ते तरी कळाय नको का?"

काठ ढासळून वासरू आत पडलं, तेव्हा मी विहीर बुजवायचं ठरवलं. मिस्त्री दुकान बंद करून आले. आठ दिवस थांबा म्हणाले, पाच धडे राहिलेत. विहिरी पुष्कळ आहेत, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी पहिल्यांदा दत्तूचं नाव काढलं.

दत्तू हा त्यांच्या शेजारचा पंक्चरवाला. पुस्तक त्यानंच आठवडी बाजारातून आणलेलं. प्रत्येक धड्याच्या शेवटी दोघांचं संभाषण: पहिला आणि दुसरा. मिस्त्री पहिला, दत्तू दुसरा. रोज दुपारी चहासोबत एक पान. पंचविसाव्या धड्यावर दत्तू वारला.

"पुस्तक पुरं करायचं ठरलंतं आमचं," मिस्त्री म्हणाले. "बाकीच्या हिरीत माझाच आवाज येतो. तुमच्या हिरीत त्याचा येतो."

मी आठ दिवस दिले. काठाशी उभं राहून ऐकलंही. आत जाणारा आणि परत येणारा आवाज सारखा नव्हता. परत येणारा घोगरा होता, थोडा हसरा. आतल्या दगडांमुळे तसं होत असावं.

आठव्या दुपारी मुरूम भरलेला टिपर बांधावर येऊन थांबला. तिसावा धडा दोन मित्रांच्या निरोपाचा होता. दुसऱ्याच्या ओळी विहिरीत ओरडत आणि पहिल्याची उत्तरं देत मिस्त्री शेवटपर्यंत आले. शेवटची ओळ दुसऱ्याची होती. ती त्यांनी बोट ठेवून मला नुसती दाखवली: सी यू टुमारो.

म्हणत का नाही, असं मी विचारलं.

"एवढी त्याची त्याला म्हणू द्या."

आम्ही थांबलो. विहीर गप्प होती. बऱ्याच वेळानं मिस्त्रींनी हात करून टिपर मागे घ्यायला सांगितला.

टिपर काठापाशी आला आणि थांबला. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला.

"आत कोण हाय?"

कुणी नाही, मी म्हणालो.

"आसं कसं? आत्ता टुमारो म्हणलं की कुणीतरी."

मिस्त्रींचं तोंड मिटलेलं होतं. विहिरीला मी ड्रायव्हरपेक्षा जवळ होतो आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

मिस्त्रींनी पुस्तक मिटून शर्टाच्या आत ठेवलं. आठ दिवसांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"कर खाली बे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "त्याचं झालं बोलून."